काळा झेंडा आणि दहा प्रुता

इस्रायलच्या लष्करात भरती होणाऱ्या पोरांना एक निकाल शिकवला जातो. वरिष्ठाचा हुकूम उघडउघड बेकायदा असेल तर तो पाळायचा नाही आणि पाळलात तर ‘मला हुकूम होता’ ही सबब चालणार नाही. अशा हुकमावर काळा झेंडा फडकत असतो, असं न्यायमूर्ती बिन्यामिन हालेवी यांनी १९५८ साली लिहिलं. ज्याचे डोळे आंधळे नाहीत आणि काळीज मुर्दाड झालेलं नाही त्याला तो दिसल्याशिवाय राहणार नाही, हे त्यांच्या म्हणण्याचं सार.

प्रकरण होतं १९५६ साली कफ्र कासिम या अरब गावात इस्रायली सीमा पोलिसांनी केलेल्या हत्याकांडाचं. त्याच प्रकरणात चार महिन्यांनी आणखी एक निकाल लागला. ज्या कर्नलच्या अमलाखाली हे सगळं घडलं, त्याला दहा प्रुता दंड झाला. हजार प्रुतांचा एक इस्रायली पौंड. म्हणजे दंड पौंडाच्या शंभराव्या हिश्श्याचा. बोलीभाषेत त्या नाण्याला ग्रूश म्हणत. त्या कर्नलचं नाव इस्साखार शदमी, आणि ‘शदमीचा ग्रूश’ हा तिथल्या अरबांमध्ये वाक्प्रचार होऊन बसला.

इस्रायलचे चाहते पहिला निकाल सांगतात, विरोधक दुसरा सांगतात. आपल्याकडच्या समाजमाध्यमांवरच्या भांडणांत तर दोन्ही क्वचितच येतात. तिथे ७ ऑक्टोबरला गाझा, गाझाला ७ ऑक्टोबर अशी तारखांची उतरंड रचण्यातच सगळे दंग असतात. मला कफ्र कासिमकडे जावंसं वाटतं ते या उतरंडीत आणखी एक तारीख ठेवायला नव्हे. नागरिकांना मारल्यावर ‘न्याय केला’ असं कोणत्याही राज्याला कधी म्हणता येतं, हा प्रश्न त्या गावाइतका स्वच्छ फार कमी ठिकाणी दिसतो. तिथे युद्धाची धुमश्चक्री नव्हती, मारल्या गेलेल्यांपैकी कुणाच्या हातात शस्त्र नव्हतं आणि मेलेली सगळी माणसं इस्रायलचीच नागरिक होती.

गाव तेल अवीवच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, तेव्हाच्या जॉर्डनच्या हद्दीला लागून. १९४९ च्या युद्धबंदी करारात ‘त्रिकोण’ म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा इस्रायलकडे आला आणि तिथले अरब एका सहीसरशी इस्रायली झाले. मतदानाचा हक्क मिळाला, पण अंमल लष्कराचा. गावाबाहेर जायचं तर परवाना हवा आणि रात्री घराबाहेर पडायचं नाही. ब्रिटिशांनी १९४५ साली पॅलेस्टाईनसाठी केलेले आणीबाणीचे नियम नव्या राज्याने पुसले नाहीत, अरब वस्त्यांवर लावले. ही लष्करी राजवट १९६६ अखेरपर्यंत चालली. साहेब गेला तरी साहेबाचे कायदे कसे कामाला येतात, हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको.

२९ ऑक्टोबर १९५६ ला इस्रायलने सिनाईत इजिप्तवर चढाई केली. युद्ध दक्षिणेत होतं, पण पूर्वेकडून जॉर्डन उतरेल या धास्तीने सीमेलगतच्या आठ अरब गावांत त्या दिवशी संचारबंदी नेहमीसारखी रात्री नऊला न लावता संध्याकाळी पाचला लावायचं ठरलं. ब्रिगेड कमांडर शदमीने तसं सीमा पोलिसांच्या बटालियनचा मेजर श्मुएल मलिंकी याला सांगितलं. मलिंकीने विचारलं, जे कामावरून परततील आणि ज्यांना संचारबंदीची खबरच नसेल त्यांचं काय? मलिंकीच्या साक्षीनुसार शदमीने अरबीत उत्तर दिलं, “अल्ला यरहमो.” अल्ला त्याच्यावर दया करो. माणूस मेल्यावर म्हणतात ते हे शब्द. शदमीने पुढे न्यायालयात हे नाकारलं.

मलिंकीने आपल्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली. अटक करायची नाही, बाहेर दिसेल त्याला गोळी घालायची. बायकामुलांचं काय, असं कुणीतरी विचारलं. भावना बाजूला ठेवा, हे उत्तर. कामावरून येणाऱ्यांचं काय? पुन्हा तेच अरबी शब्द, ब्रिगेड कमांडरचे म्हणून.

साडेचारला एक सार्जंट कफ्र कासिमच्या मुखत्याराकडे, म्हणजे गावच्या पाटलाकडे गेला आणि पाचला संचारबंदी असल्याचं त्याने सांगितलं. मुखत्यार म्हणाला, गावची चारशे माणसं बाहेर कामाला गेली आहेत, अर्ध्या तासात त्यांना मी कुठून कळवू? येणाऱ्यांना आत सोडू, माझ्यावर सोपवा, असं सांगून सार्जंट निघून गेला. पाच ते साडेसहाच्या दरम्यान माणसं घराकडे यायला लागली. कुणी खाणीतून सायकलवर, कुणी गाडीतून. ऑलिव्ह काढणीचे दिवस होते, त्या कामावरून बायका-मुलींनी भरलेला एक ट्रक आला. लेफ्टनंट गॅब्रिएल दहान याच्या तुकडीने त्यांना गावाच्या वेशीवर थांबवलं, उतरवलं आणि गोळ्या घातल्या. मग पुढची सायकल, पुढची गाडी. मेलेल्यांत १९ पुरुष, ६ बायका आणि ८ ते १७ वयाची २३ मुलं. ही बेरीज ४८ होते. गाव ४९ म्हणतं, कारण एका गर्भवतीच्या पोटातलं मूलही ते मोजतं. मृतांना पुरायला शेजारच्या जलजुलिया गावातून माणसं आणली गेली. ज्यांची माणसं गेली ते संचारबंदीमुळे घरात अडकलेले होते.

आता या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी सांगताना बहुतेक लोक एका वाक्यात उरकतात. संचारबंदी एका नव्हे, आठ गावांत होती. मलिंकीची बैठकही सगळ्या तुकड्यांच्या अधिकाऱ्यांसाठी होती. तरी असा संहार कफ्र कासिममध्येच झाला. बाकी ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी हुकूम ऐकला आणि पाळला नाही, किंवा आपल्या माणसांना असं काही सांगितलं की गोळी सुटणारच नाही. उशिरा आलेल्यांना त्यांनी दरडावून घरी पिटाळलं. हे अधिकारी काही शांततावादी नव्हते. तोच गणवेश, तेच वय, तीच युद्धाची संध्याकाळ. अरबांबद्दलची त्यांची मतंही दहानपेक्षा फार वेगळी असतील असं नाही.

‘परिस्थितीच तशी होती’ हा बचाव इथेच कोसळतो. परिस्थिती आठही गावांत सारखी होती. हत्याकांडाबद्दल बोलताना आपण नेहमी मोठमोठी कारणं शोधतो. इतिहास, द्वेष, भीती, भू-राजकारण. ही सगळी कारणं खरी असतात, पण ती शेजारच्या गावालाही लागू होती आणि तिथली माणसं रात्री घरी जेवली. म्हणजे कारणांची यादी कितीही लांबवली तरी शेवटी एका लेफ्टनंटने काय केलं आणि दुसऱ्याने काय केलं नाही, इथे यावंच लागतं. हालेवींच्या निकालाचं मोठेपण हेच की तो इथपर्यंत आला.

तिथवर येणं सोपं नव्हतं. पंतप्रधान बेन-गुरियन यांनी बातमीवर बंदी घातली होती. ती फोडली कम्युनिस्ट पक्षाच्या दोन खासदारांनी, तौफिक तूबी आणि मेइर विल्नर यांनी. एक अरब, एक ज्यू. ते नाकाबंदी चुकवून गावात गेले, माणसांशी बोलले, आणि तूबींनी जे ऐकलं ते लिहून काढून पत्रकाच्या रूपाने वाटलं. डिसेंबरात बेन-गुरियन यांना संसदेत निवेदन करावं लागलं आणि क्नेसेट, म्हणजे तिथली संसद, मृतांसाठी उभी राहिली. हे घडलं ते राज्याच्या सद्सद्विवेकामुळे, असं नंतर सांगितलं गेलं. राज्याचा विवेक जागा झाला हे खरं, पण त्याला हलवून जागं करणारे दोघे त्या वेळी देशातल्या सर्वांत संशयित पक्षाचे होते.

खटला अकरा जणांवर चालला. ऑक्टोबर १९५८ मध्ये आठ दोषी ठरले. मलिंकीला सतरा वर्षं, दहान आणि त्याच्याच तुकडीतला शालोम ओफर या दोघांना पंधरा-पंधरा. मग कपात सुरू झाली. अपिलात मलिंकीच्या सतराची चौदा झाली, सरसेनापतींनी चौदाची दहा केली, राष्ट्राध्यक्षांनी दहाची पाच. उरलेल्यातला एक तृतीयांश सुटका समितीने माफ केला. नोव्हेंबर १९५९ पर्यंत सगळे बाहेर. निकालाला जेमतेम वर्ष उलटलं होतं. मलिंकी सेवेत परतला. दहानला १९६० साली रामला नगरपालिकेत नोकरी मिळाली, आणि कामाचं खातं कोणतं, तर अरबांचे प्रश्न. (रामला म्हणजे तेच गाव, जिथे कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींची मोठी वस्ती आहे आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अजून मराठी ऐकू येते.)

शदमीवर वेगळा खटला चालला. खुनाच्या आरोपातून तो निर्दोष सुटला. दोष सिद्ध झाला तो इतकाच की संचारबंदीची वेळ बदलायचा अधिकार त्याला नव्हता. त्याबद्दल ताशेरे आणि दहा प्रुता.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, निकाल चांगला होता, शिक्षा पातळ केली गेली. मला हे पुरेसं वाटत नाही. शिक्षा पातळ करणारे दोषी आहेतच, पण काळ्या झेंड्याच्या तत्त्वात मुळातच एक तिरपेपणा आहे आणि त्याचा फायदा नेमका वरच्या माणसाला होतो.

तत्त्व काय सांगतं? हुकूम उघडपणे बेकायदा असेल तर पाळणाऱ्याला सुटका नाही. जबाबदारी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर. म्हणजे बंदूक हातात असलेल्या विशीतल्या शिपायाने क्षणात ओळखायचं की हा हुकूम काळ्या झेंड्याचा आहे. त्याने ओळखावं, हे मला मान्य आहे. आठ गावांपैकी सात गावांत ओळखलं गेलंच. पण वरच्याने काय करायचं, याबद्दल हे तत्त्व फारसं बोलत नाही. आणि वरचा माणूस शहाणा असतो. तो कधीही कागदावर ‘बायकांना गोळ्या घाला’ असं लिहीत नाही. तो खांदे उडवतो. दोन अरबी शब्द टाकतो, ज्यांचा अर्थ प्रत्येकाला कळतो आणि ज्यांच्यावर न्यायालयात बोट ठेवता येत नाही. हुकूम साखळीने खाली येताना स्पष्ट होत जातो. शदमीकडे तो इशारा होता, मलिंकीकडे सूचना झाला, दहानकडे पोचेपर्यंत गोळी. शिक्षा नेमकी उलट्या दिशेने गेली. खालच्याला पंधरा वर्षं सुनावली, वरच्याला एक नाणं. शदमीच्या न्यायालयाने मलिंकीचा शब्द एका बाजूला आणि शदमीचा शब्द दुसऱ्या बाजूला ठेवला आणि संशयाचा फायदा कर्नलला दिला. संदिग्ध बोलणं हाच त्याचा बचाव ठरला.

त्याच्याही वर कोण होतं? मेजर-कर्नल स्वतःच्या डोक्याने असे इशारे देत नसतात. ‘हफर्पेरेत’ नावाची एक लष्करी योजना होती. जॉर्डनशी युद्ध झालंच तर त्रिकोणातल्या अरबांना हद्दीपार हुसकावण्याची तीत तरतूद होती, असं अनेक अभ्यासक मांडत आले. खटल्याचा बराच भाग बंद दाराआड चालला होता. इतिहासकार आदम राज यांनी कज्जा लढवून त्याची टिपणं उघड करायला लावली आणि २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. हत्याकांड आणि ही योजना यांचा संबंध आपल्या मनात होता, असं सांगणाऱ्या साक्षी त्यांत आहेत. शदमी २०१८ मध्ये वारला. त्याआधी राज यांना दिलेल्या मुलाखतीत त्यानेच म्हटलं की आपला खटला हा देखावा होता, वरच्यांना वाचवण्यासाठी रचलेला. ज्याला दहा प्रुता दंड झाला त्याचीही तक्रार अशी की आपला बळी दिला गेला! पण तक्रारीतला मुद्दा खोटा नाही.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. इस्रायलने निदान खटला तरी चालवला, आपल्याच गणवेशातल्या माणसांना खुनी म्हटलं. दुसऱ्या बाजूने असं कधी केलं? आणि आपण भारतीयांनी तरी कोणत्या तोंडाने बोलायचं?

दुसरा भाग आधी घेतो. १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरमध्येही जमावबंदीची दवंडी शहराच्या काही भागांतच फिरली होती आणि बैसाखीसाठी आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या कित्येकांना तिचा पत्ता नव्हता. जनरल डायरला बजावणी पोचली की नाही याची फिकीर नव्हती, तशीच ती शदमीलाही नव्हती. डायरवर खटला चालला नाही. हंटर समितीने दोष दिला, नोकरी गेली, आणि इंग्लंडात एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी निधी गोळा केला, जो २६ हजार पौंडांवर गेला. तेव्हा इस्रायलने खटला चालवला, ही साम्राज्यांच्या रिवाजापेक्षा नक्कीच वरची गोष्ट होती. हालेवी पुढे १९६१ साली आइकमनच्या खटल्यातल्या तीन न्यायाधीशांपैकी एक होते. नाझी अधिकाऱ्याने दिलेला ‘हुकमाचा ताबेदार’ हा बचाव फेटाळताना त्यांना चोरट्यासारखं वाटण्याचं कारण नव्हतं. स्वतःच्या देशाच्या पोलिसांचा तोच बचाव त्यांनी तीन वर्षांपूर्वी फेटाळला होता. हे मोठंच आहे. ते कमी लेखून माझा मुद्दा मोठा होत नाही.

पहिला भागही खरा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमास आणि तिच्यासोबतच्या गटांनी दक्षिण इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास माणसं ओलीस नेली. किबुत्झांतली, म्हणजे सामुदायिक शेतवस्त्यांतली घरं, नाचगाण्याच्या महोत्सवातली तरुण मुलं, थायलंडहून आलेले शेतमजूर, बेदुईन अरबसुद्धा. मेलेल्यांत आणि ओलिसांत अशी वयस्कर माणसंही होती, जी गाझातल्या आजाऱ्यांना स्वतःच्या गाडीतून इस्रायली इस्पितळांत पोचवत असत. जानेवारी २०२४ मध्ये हमासने आपली बाजू मांडणारं पत्रक काढलं. नागरिकांना इजा न करणं ही आपली धार्मिक आणि नैतिक बांधिलकी आहे, गडबडीत काही चुका झाल्या असतील, असं त्यात आहे. चुका! घरोघरी फिरून, दारं फोडून, माणसं शोधून मारली गेली त्याला चूक म्हणायचं. हमासने आपल्या एकाही माणसावर त्या दिवसाबद्दल खटला चालवला नाही, चालवणारही नाही. तिथे हालेवी नाहीत, तूबी नाहीत. उलट त्या पहाटेची चित्रफीत कौतुकाने दाखवली गेली. ‘ताब्याखालच्या लोकांचा प्रतिकार’ या नावाखाली याचं समर्थन करणारे आपल्याकडचे काही पुरोगामी मित्र जे तर्कशास्त्र वापरतात, ते मलिंकीच्याच बैठकीतलं आहे: समोरचा माणूस कोण हे विचारायचं नाही, तो कोणत्या बाजूच्या वस्तीतला एवढं पुरे.

पण ‘त्यांनी तर खटलाही चालवला नाही’ हे वाक्य एका मर्यादेपलीकडे वापरता येत नाही. हमासची बरोबरी हा इस्रायलने स्वतःला लावलेला माप नव्हता. काळ्या झेंड्याचा माप हालेवींनी लावला आणि राज्याने तो अभिमानाने स्वीकारला, अभ्यासक्रमात घातला. ज्याने स्वतः माप लावला त्याला त्याच मापाने मोजणं यात अन्याय कसला? आणि त्या मापाने पाहिलं तर १९५९ नंतरची गोष्ट फारशी बरी नाही.

मार्च २०१६ मध्ये हेब्रॉनमध्ये चाकूहल्ला करून जखमी होऊन जमिनीवर पडलेल्या पॅलेस्टिनी तरुणाला सैनिक एलोर अझारियाने डोक्यात गोळी घातली. चित्रफीत होती म्हणून खटला झाला. सदोष मनुष्यवध सिद्ध झाला, शिक्षा अठरा महिने, सरसेनापतींनी ती चौदा महिन्यांवर आणली, नऊ महिन्यांत तो घरी. त्याला माफी मिळावी, अशी जाहीर मागणी खुद्द पंतप्रधानांनी केली होती. १९५९ चा क्रम पुन्हा गिरवलेला दिसतो. फरक इतकाच की तेव्हा कपात गुपचूप झाली, आता मिरवून झाली.

आणि २३ मार्च २०२५ ची रफाहची घटना. पहाटे रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडीवर इस्रायली सैनिकांनी गोळीबार केला. पंधरा माणसं मेली: रेड क्रिसेंटचे आठ, नागरी संरक्षण दलाचे सहा, संयुक्त राष्ट्रांचा एक कर्मचारी. त्यांना तिथेच वाळूत पुरण्यात आलं. गाड्यांचे दिवे बंद होते, त्या संशयास्पदपणे पुढे येत होत्या, असं लष्कराने सांगितलं. मग मारल्या गेलेल्यांपैकी एकाच्या फोनवरची चित्रफीत सापडली, तीत दिवे लखलखत होते. लष्कराने चौकशी केली. व्यावसायिक त्रुटी आढळल्या. एका उपकमांडरला पदावरून काढलं, एका ब्रिगेड कमांडरला ताशेरे. काढण्यामागच्या कारणांत ठळक होतं ते हे की त्याने दिलेला अहवाल अपुरा आणि चुकीचा होता. पंधरा जीव गेले आणि दोष अहवालाचा! शदमीचा दोषही संचारबंदीच्या वेळेचाच होता. माणसं मेल्याचा गुन्हा कागदोपत्री नियमभंगात बदलून टाकायचा, ही युक्ती १९५९ साली सापडली आणि अजून गंजलेली नाही.

शिक्षा किती वर्षांची झाली याला मी इतका चिकटून का बसलो आहे? मला फाशी हवी आहे म्हणून नाही. सैनिकाला तत्त्व कळतं ते वर्गातल्या व्याख्यानातून नव्हे, आधीच्या माणसाचं पुढे काय झालं यावरून. दहानला तीनेक वर्षं आणि मग नगरपालिकेतली नोकरी, शदमीला एक नाणं, अझारियाला नऊ महिने आणि देशभर सहानुभूती. आणि ज्यांनी त्या संध्याकाळी गोळी चालवली नाही त्या अधिकाऱ्यांना काय मिळालं? त्यांची नावं खटल्याच्या कागदांत आहेत. त्यांच्या नावाने रस्ता किंवा पदक मला तरी माहीत नाही. काळा झेंडा दिसला म्हणून थांबलेल्याला राज्य विसरलं आणि न दिसलेल्याला सामावून घेतलं. असा व्यवहार पाहिलेल्या पोराने पुढच्या वेळी काय शिकावं?

गावाला दिलेली वागणूकही याच हिशेबातली. खटला चालू असतानाच, नोव्हेंबर १९५७ मध्ये, कफ्र कासिममध्ये ‘सुल्हा’ घडवून आणला गेला. सुल्हा म्हणजे दोन घराण्यांतलं वैर मिटवण्याची अरबांची जुनी रीत. भरपाई ठरते, पंगत बसते, हातात हात दिले जातात. मंत्री आले, शेकडो पाहुणे जेवले, वर्तमानपत्रांत फोटो आले. गावकरी आजही सांगतात की आम्हाला तिथे बसवलं गेलं. सुल्हा होतो तो दोन बरोबरीच्या बाजूंमध्ये. ज्याच्या परवान्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकता येत नाही त्याच्याशी कसलं वैर आणि कसला सलोखा? राज्याने स्वतःला एक भांडकुदळ घराणं ठरवलं, म्हणजे नागरिकांना मारण्याचा गुन्हा दोन भाऊबंदांच्या मारामारीत जमा झाला.

नंतरच्या काळात माफीचे शब्द आले, आणि ते पोकळ होते असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिमॉन पेरेस यांनी गावात जाऊन क्षमा मागितली. २०१४ मध्ये रुवेन रिव्लिन वार्षिक स्मृतिदिनाला हजर राहिले. पदावरचा राष्ट्राध्यक्ष त्या दिवशी येण्याची ती पहिली वेळ, आणि रिव्लिन उजव्या विचारांच्या लिकुडमधून आलेले. २०२१ मध्ये आयझॅक हर्झोग यांनी स्वतःच्या आणि इस्रायल राज्याच्या नावाने क्षमा मागितली. राष्ट्राध्यक्षांचं पद तिथे मानाचं आहे, अधिकाराचं नाही. क्षमा मागायचं काम अशा पदाकडे सोपवणं सोयीचं असतं.

अधिकार ज्या सभागृहाकडे आहे तिथे त्याच आठवड्यात काय झालं ते पाहा. हर्झोग गावात जायच्या दोन दिवस आधी, २७ ऑक्टोबर २०२१ ला, संयुक्त यादी या अरबबहुल आघाडीने क्नेसेटमध्ये विधेयक मांडलं: हत्याकांडाची जबाबदारी राज्याने अधिकृतपणे स्वीकारावी, ते शाळांत शिकवावं, कागदपत्रं खुली करावीत. बाजूने १२ मतं, विरोधात ९३. सरकारच्या वतीने उत्तर द्यायला उभे राहिले मंत्री इसावी फ्रेज. ते कफ्र कासिमचेच, आणि त्यांचे आजोबा त्या संध्याकाळी मारले गेलेले. या विषयाचं राजकारण करू नका, असं त्यांनी विधेयक मांडणाऱ्यांना सुनावलं. फ्रेज यांची अडचण मी समजू शकतो. आघाडी सरकारात राहून जे पदरात पडेल ते घ्यावं असं त्यांना वाटलं असेल, आणि बाहेरून आवाज करणाऱ्यांपेक्षा त्यांचा त्या गावाशी संबंध जवळचा होता. तरी सरकारने नकार कळवायला नेमका हाच माणूस पुढे केला, हे विसरता येत नाही.

विधेयकातल्या मागण्या साध्या होत्या. पैसा मागितला नव्हता, कुणाला तुरुंगात टाका म्हटलं नव्हतं. जबाबदारी कायद्याच्या भाषेत लिहा, एवढंच. राष्ट्राध्यक्षांचे शब्द भाषणाबरोबर हवेत जातात. कायद्यात लिहिलेलं वाक्य पुढच्या खटल्यात वकिलाला वाचून दाखवता येतं, शाळेतल्या शिक्षकाला कुणाची परवानगी न मागता शिकवता येतं, अभिलेखागाराच्या अधिकाऱ्यासमोर ठेवून ‘हफर्पेरेत’चे बंद असतील ते कागद मागता येतात. ब्रिगेड कमांडरच्या दोन शब्दांच्या मागे कोण उभं होतं याचं उत्तर त्याच कागदांत मिळालं तर मिळेल. ९३ जणांना यातली नेमकी कोणती गोष्ट नको होती, हे त्यांच्यापैकी एखाद्याने स्पष्ट सांगितलं असतं तर वाद घालणं तरी सोपं झालं असतं.